आईकडून मिळालेलं बळ, सात महिन्यांचं लेकरू आणि डेंग्यू

पत्र : डॉक्टर, आम्ही जालना जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा आठ वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला, दवाखान्यात अ‍ॅडमिट होता, पेशी चाळीस हजारांवर आल्या होत्या. मुलगी सात महिन्यांची, अंगावर पिते. मलाही लग्नाआधी डेंग्यू होऊन गेलाय. सध्या आमच्या गल्लीत घरोघरी ताप आहे. सासूबाई म्हणतात, पोराला एकदा होऊन गेला, आता त्याची काळजी नाही. नणंद नर्सिंग शिकते. ती म्हणते, दुसऱ्यांदा झाला तर जास्त वाईट, आणि वहिनी, तुझ्या अंगातलं दुधातून बाळाला जातं म्हणून बाळालाही धोका आहे. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. दूध तोडू का? दोघांना घेऊन संभाजीनगरला माहेरी जाऊ का? याची लस मिळते का?

उत्तर :

ताई, दूध तोडू नका. बाकीचं सगळं सावकाश वाचा, पण बाळाला आज रात्रीही नेहमीसारखंच जवळ घ्या आणि पाजा.

आता सासूबाई आणि नणंद. दोघींच्या बोलण्यात तथ्य आहे, पण दोघींचंही अर्धंच. डेंग्यूचा विषाणू एक नाही, त्याचे चार प्रकार आहेत. तुमच्या मुलाला गेल्या वर्षी ज्या प्रकाराने गाठलं, त्याच्यापासून त्याला आता बहुतेक आयुष्यभराचं संरक्षण आहे. एवढं सासूबाईंचं खरं. उरलेल्या तीन प्रकारांपासूनही सुरुवातीचे काही महिने थोडाफार बचाव होतो, पण तो हळूहळू ओसरतो. गेल्या वर्षीचा प्रकार कोणता होता हे तुमच्या रिपोर्टवर सापडणार नाही, कारण नेहमीच्या तपासणीत ते कळतच नाही. म्हणून ‘होऊन गेला’ या शब्दांवर विसंबू नका.

नणंद म्हणते ते का घडतं, हे समजून घेतलं तर तुमची भीती जिथे हवी तिथेच राहील. एकदा आजार झाला की शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आपण अँटीबॉडी म्हणतो ती. ती भरपूर असली आणि विषाणूवर नीट बसली की तो निकामी होतो. दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू आला की ही जुनी प्रतिपिंडं त्याला ओळखतात, चिकटतातही, पण नीट बसत नाहीत. विषाणू जिवंतच राहतो. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचं कामच असं, की प्रतिपिंड चिकटलेलं काही दिसलं की ते गिळून टाकायचं. इतर बरेच जंतू गिळले की आत मरतात. डेंग्यूचा विषाणू मात्र नेमका याच पेशींमध्ये वाढतो. म्हणजे जुन्या प्रतिपिंडांमुळे त्याला आत जायची वाट सोपी होते, तो जास्त पेशींत शिरतो आणि जास्त वाढतो. मग त्या पेशी आणि पहिल्या वेळची आठवण असलेल्या लढाऊ पेशी मिळून रक्तात एवढी रसायनं सोडतात, की बारीक रक्तवाहिन्यांची अस्तरंच सैल पडतात. विषाणूचं एनएस-१ नावाचं प्रथिनही त्या अस्तराला इजा करतं. रक्ताच्या तपासणीत ‘एनएस-१ पॉझिटिव्ह’ म्हणतात ना, तेच हे.

हे कोड्यासारखं पहिल्यांदा समोर आलं ते थायलंडमध्ये. १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये काम करणारे डॉ. स्कॉट हॉल्स्टेड आणि त्यांचे सहकारी डेंग्यूने अत्यवस्थ झालेल्या मुलांची वयं पाहत होते. त्यात दोन वेगवेगळे गट दिसले. एक थोड्या मोठ्या मुलांचा, ज्यांना डेंग्यू दुसऱ्यांदा झाला होता. दुसरा वर्षाच्या आतल्या बाळांचा, ज्यांना तो आयुष्यात पहिल्यांदाच झाला होता. पहिल्यांदाच झाला असताना बाळं एवढी गंभीर का होतात? उत्तर आईमध्ये होतं. त्या बाळांच्या आयांना आधी डेंग्यू होऊन गेला होता.

पोटात असताना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाच्या रक्तात जातात. गोवर, धनुर्वात अशा कितीतरी आजारांपासून बाळाला पहिले काही महिने जपणारी हीच व्यवस्था आहे, आणि डेंग्यूच्या बाबतीतही पहिले तीन-चार महिने ती बाळाला जपते. पुढे ही उसनी प्रतिपिंडं कमी कमी होत जातात. साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास अशी वेळ येते, की ती विषाणूला रोखायला अपुरी आणि त्याला वाट करून द्यायला पुरेशी असतात. वर्षाच्या आसपास ती संपतात आणि हा खास धोकाही संपतो. तुमची लेक सात महिन्यांची आहे. म्हणून तिच्याकडे आत्ता डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं.

पण ताई, यात तुमच्या दुधाचा काही संबंध नाही. जे गेलं ते वारेतून, ती जन्मायच्या आधी गेलं. दुधातल्या प्रतिपिंडांचं काम मुख्यतः बाळाच्या आतड्यात चालतं, ती रक्तात उतरून डेंग्यू वाढवत नाहीत. उलट ताप आला तर आईच्या दुधासारखं पाणी आणि अन्न तिला दुसरं कुठलं मिळणार? आणि ‘माझ्यामुळे’ हा विचारही काढून टाका. डेंग्यूच्या दर चार लागणींपैकी तीन तर कळतही नाहीत, किंवा किरकोळ तापावर जातात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभरात रक्ताचे नमुने तपासले, ते निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १८ ते ४५ वयातल्या ५६ टक्के लोकांच्या रक्तात जुन्या डेंग्यूच्या खुणा सापडल्या. ५ ते ८ वर्षांच्या मुलांतही २८ टक्के. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या निम्म्याहून जास्त आया तुमच्यासारख्याच असणार. तुम्हाला ते माहीत आहे, त्यांना नाही, एवढाच फरक. आणि माहीत असल्याचा तुम्हाला फायदाच आहे.

आणखी एक. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या बहुतेक मुलांचा ताप साधाच जातो. धोका वाढतो म्हणजे दर वेळी गंभीर होतोच असं नाही. आणि गंभीर झालेल्यांनाही वेळेवर योग्य उपचार मिळाले तर मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली येतं. हा सगळा खेळ वेळेचा आहे.

वेळ म्हणजे कोणती, हे सांगायला मी मुद्दाम जास्त जागा घेते, कारण नेमकं इथेच आईबाप फसतात. ताप चढलेला असताना घरातले सगळे धावतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, कामावर जातात. डेंग्यूत धोक्याची वेळ तेव्हाच सुरू होते. ताप उतरतो तेव्हा विषाणू कमी होत आलेला असतो, पण शरीराच्या प्रतिकाराने उठलेला गोंधळ तेव्हा शिगेला पोचलेला असतो. रक्तवाहिन्या माठासारख्या पाझरू लागतात. लाल पेशी आतच राहतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपून पोटात, छातीत साठतं. वरून थेंबभर रक्त दिसत नाही, पण आत रक्त घट्ट होत जातं आणि हातापायांपर्यंत पोचेनासं होतं. हा पाझर साधारण २४ ते ४८ तास चालतो आणि मग आपोआप थांबतो. तेवढे दोन दिवस लेकराला नीट सांभाळून पार करायचे असतात. लहान मुलांच्या रक्तवाहिन्या मोठ्यांपेक्षा मुळातच जास्त पाझरतात आणि बाळाच्या अंगात रक्तच थोडं, त्यामुळे ते लवकर ढासळतं.

म्हणून पहिलं काम : ताप आला ती तारीख आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहा. डॉक्टरांनी ‘कितवा दिवस?’ विचारल्यावर अंदाजाने सांगायचं नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत, आणि खास करून ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस, घरातलं एक माणूस फक्त त्या लेकरासाठी मोकळं हवं.

बाळाला या साथीत ताप आला तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ‘उद्या बघू’ नको. बाळांचा डेंग्यू मोठ्यांसारखा दिसत नाही. डोकं दुखतं, डोळ्यांमागे दुखतं हे बाळ सांगणार कसं? सर्दी-खोकला, उलटी, पातळ शी, कधी तापात झटका असंही दिसतं आणि घरचे ‘दात येतायत’ म्हणून सोडून देतात. मुलाला दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला तर त्याला तपासून घ्या, आणि गेल्या वर्षी डेंग्यू झाला होता हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

पुढचं काही दिसलं, तर ताप असो वा नसो, तासभरही थांबू नका : पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, नाकातून-हिरड्यांतून रक्त, काळी शी, पोट फुगणं, दम लागणं. बाळाच्या बाबतीत अंगावर न ओढणं, विनाकारण एकसारखं किरकिरणं किंवा उलट मलूल पडून राहणं, आणि सहा तासांत लघवी न होणं. अंग तापलेलं नाही, पण हातपाय गार आणि चिकट लागतात, ही सगळ्यात वाईट खूण. घरी एक गोष्ट तपासता येते. बाळाच्या बोटाचं टोक हलकेच पाच सेकंद दाबा, ते पांढरं पडेल. सोडल्यावर मनात ‘एक, दोन’ मोजा. दोन म्हणेपर्यंत गुलाबी रंग परत आला पाहिजे. नाही आला तर १०८ ला फोन करा. वाटेत थोडं थोडं दूध किंवा ओआरएस चालू ठेवा.

औषधात फक्त पॅरासिटामॉल. वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत किमान सहा तास. इथे एक घोटाळा नेहमी होतो. बाळाच्या ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर नेहमीच्या १२५ च्या सिरपमध्ये एका मिलिलिटरला २५. म्हणजे ड्रॉप्स चौपट तीव्र. एकाचं माप दुसऱ्याला वापरलं की डोस चुकला. बाटलीवरचं वाचा आणि डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. मेफ्टाल, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, निमेसुलाइड, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन यांतलं काही नको. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मेडिकलवाल्याने ‘तापाचं कडक औषध’ म्हणून पुढे केलं तरी परत करा. गावातल्या डॉक्टरांकडे ‘सुई मारा, सलाईन लावा’ असा आग्रहही धरू नका. सलाईन गरजेपुरतंच आणि मोजून लागतं, जास्त झालं तर पाझर थांबल्यावर तेच पाणी फुप्फुसात जाऊन दम लावतं.

मुलाला पाणी, ओआरएस, भाताची पेज, वरणाचं पाणी, ताक, आंबील, नारळपाणी, जे रुचेल ते घोट घोट द्या. पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध, किवी यांच्यामागे धावू नका. त्यांनी आजार गंभीर व्हायचा थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. साथ आली की बकरीच्या दुधाचे भाव आपल्याकडे कुठल्या कुठे जातात, आणि कच्चं पाजलं तर दुसराच ताप मागे लागतो. बाळाला तर यातलं काहीच नको.

तुम्ही पत्रात पेशींचा आकडा लिहिलाय. सगळेच लिहितात. त्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी होतात हे खरं, पण लेकरू बिघडतं ते बहुतेक वेळा त्या पाझरामुळे. रिपोर्टवर पीसीव्ही किंवा एचसीटी असं लिहिलेलं असतं, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, तो आकडा बघायला शिका. समजा पहिल्या दिवशी तो ३३ होता आणि चौथ्या दिवशी ४० झाला, तर रक्त घट्ट झालंय. आपल्याकडे बऱ्याच मुलांचं रक्त मुळात कमी असतं. त्यामुळे ४० हा आकडा छापील मापात बसतो, रिपोर्टवर त्यापुढे खूण येत नाही आणि तो नॉर्मल वाटतो. म्हणून साथीच्या दिवसांत ताप आल्या-आल्या एकदा रक्ताची साधी तपासणी करून ठेवणं फार कामाला येतं, नंतर तुलना करायला काहीतरी हाताशी राहतं. रक्तस्राव नसेल आणि मूल स्थिर असेल, तर नुसता आकडा कमी झाला म्हणून प्लेटलेट चढवायची गरज नसते. एनएस-१ पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतं, आयजीएम, म्हणजे नव्याने तयार झालेली प्रतिपिंडं, त्यानंतर. चौथ्या-पाचव्या दिवसाआधी आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते, तुमच्याकडच्या आरोग्य केंद्रात विचारा, ते नमुना कुठे पाठवायचा ते सांगतील.

आता डासांबद्दल, आणि हे आपल्या मराठवाड्याचं वेगळं दुखणं आहे. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, म्हणून घरोघरी ड्रम, टाक्या, हौद, रांजण भरलेले. एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायलाही साधारण आठ-दहा दिवसच लागतात. पुढचं पाणी येईपर्यंत ड्रममध्ये एक पिढी तयार होते. ‘पाणी साठवू नका’ असं मी तुम्हाला सांगणार नाही, ते कोणत्या तोंडाने सांगू? पण पाणी सुटायच्या आदल्या दिवशी ड्रम रिकामा करून आतून घासा. या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की उबतात. नुसतं विसळून ती निघत नाहीत. जुना काथ्या घेऊन ती रेष खरवडा. मग भरून वर जुन्या लुगड्याचा दुहेरी कपडा ताणून, दोरीने गच्च बांधा, मधे झोळ पडता कामा नये. जो हौद रिकामा करणं शक्य नाही, त्यात गप्पी मासे सोडा किंवा आशाताईंना सांगून अ‍ॅबेट हे डासांच्या अळ्या मारणारं औषध टाकून घ्या. आणि हे एकट्या घराने करून भागत नाही, शेजारच्या दोन-चार घरांना सोबत घ्या. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी सगळ्यात जास्त. म्हणून बाळ दुपारी झोळीत झोपलं तरी वरून मच्छरदाणी हवी. मुलाला पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि शाळेच्या टाकीला झाकण आहे का ते गुरुजींना विचारा.

माहेरी जायचं तर जा, पण डेंग्यू टाळायला म्हणून जाऊ नका. या दिवसांत तो शहरातही असतोच आणि पाण्याची रड तिथेही तीच. माहेरी बाळंतपणासारखी विश्रांती आणि मदतीला हात मिळत असतील, घाटीचं मोठं सरकारी रुग्णालय आणि बालरोगतज्ज्ञ जवळ असल्याचा धीर वाटत असेल, तर ते कारण पुरेसं आहे. आई-वडिलांना आधीच फोन करून गच्चीवरचा आणि खिडकीतला कूलर रिकामा करून, आतली गवताची जाळी काढून टाकायला सांगा. उन्हाळा संपल्यावर कूलरकडे कोणी बघत नाही आणि पावसाचं पाणी त्यात साचून राहतं. मात्र मुलाला ताप असेल आणि तो उतरायच्या बेतात असेल, तर त्या दोन दिवसांत एसटीचा प्रवास करू नका.

लसीचं. सात महिन्यांच्या बाळासाठी डेंग्यूची लस जगात कुठेच नाही, आणि आपल्या सरकारी लसीकरणात मुलांसाठीही ती नाही. याला कारणंही तीच, जी मी वर सांगितली. २०१६ मध्ये फिलिपिन्सने शाळांमधून आठ लाखांवर मुलांना एक लस दिली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनेच जाहीर केलं, की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता, त्यांना लस घेतल्यानंतर डेंग्यू झाला तर तो गंभीर व्हायची शक्यता वाढते. लसच त्यांच्या शरीराला पहिल्या लागणीसारखी ठरली. तो कार्यक्रम थांबवावा लागला आणि ती लस आधी डेंग्यू होऊन गेलेल्यांपुरतीच ठेवायची ठरली. नंतर आलेली एक लस जागतिक आरोग्य संघटनेने डेंग्यू फार असलेल्या भागांत ६ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी सुचवली आहे. आपल्याकडे एका डोसाच्या भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली, पण ती प्रौढांवर. उद्या मुलांसाठी लस आली, तर ‘याला आधी डेंग्यू झाला होता का?’ हा प्रश्न डॉक्टर विचारतील. म्हणून मुलाची गेल्या वर्षीची फाइल रद्दीत जाऊ देऊ नका. एनएस-१ चा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड यांची झेरॉक्स त्याच्या लसीकरणाच्या कार्डाला टाचून ठेवा, आणि थर्मल कागदावरचे रिपोर्ट पुसट होतात, त्यांचे मोबाइलवर फोटो काढा. बाळाच्या कार्डावरही पहिल्या पानावर लिहून ठेवा : ‘आईला लग्नाआधी डेंग्यू झाला होता.’ रात्री-बेरात्री अनोळखी डॉक्टरांसमोर उभं राहायची वेळ आली, तर ती एक ओळ त्यांना लगेच कामाला येईल.